काढून टाकलेले आवाज

१

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. सुरुवातीला कौतुकानं, पुढं सवयीनं, आणि अलीकडे जरा ओठ मुडपून.

त्याचं काम ऐकण्याचं होतं. जुनी ध्वनिमुद्रणं नव्यानं बाजारात आणणाऱ्या त्या कंपनीत तो सफाईवाला होता. हे नाव त्यानंच स्वतःला दिलेलं. कधीकाळी कुठल्यातरी स्टुडिओत चार जण वाजवायला बसलेले असतात. शेवटी तीही माणसंच, त्यामुळे कुणी शिंकतं, कुणाची खुर्ची करकरते, कुणी पायानं ताल धरतं आणि बूट फरशीवर आपटतो. हे सगळं फितीत उतरतं. ती फीत संगणकावर रंगीत चित्रासारखी उघडायची, सुरांच्या पट्ट्यांमध्ये खोकल्याचा डाग कुठं पडलाय तो शोधायचा, त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि पुसायचा. आजूबाजूचे सूर ती जागा भरून काढतात. ऐकणाऱ्याला वाटतं, त्या खोलीत खोकणारं माणूस कधी नव्हतंच. 

ओठ मुडपण्याचं कारण मागच्या वर्षी घडलं होतं. एका संथ पियानोच्या अल्बममध्ये त्यानं एक खोकला तसाच राहू दिला. ऐकताना तो त्याच्या कानावर स्वच्छ आला होता, पण त्याला वाटलं, हा पलीकडच्या खोलीतल्या बाबांचा. घर लहान, भिंत पातळ, आणि वडिलांना खोकायची, सपाता ओढत चालायची, साखर विरघळून गेली तरी कपात चमचा फिरवत बसायची सवय. फितीतला आवाज कुठला आणि घरातला कुठला, हेच त्याला कळेनासं झालं होतं. रेकॉर्ड तशीच छापून बाजारात गेली. त्याच्या वरिष्ठ मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, ती जागा पुन्हा पुन्हा वाजवली. त्या दिवशी तो जो कानकोंडा झाला, तो अजून सावरला नव्हता.

पुढं काही महिन्यांनी बाबा वृद्धाश्रमात राहायला गेले. ‘गेले’ हे आपलं म्हणायचं. तिथं सोबत आहे, बाग आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, असं तो भेटेल त्याला सांगे, आणि सांगताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघे. खरं कारण त्याला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली पिशवी आपणच भरली, कुठं आणि किती दिवस हे विचारलं नाही, आणि निघताना दार इतकं हळू ओढून घेतलं की कडीसुद्धा वाजली नाही. त्याला त्या क्षणी लाज वाटली. मग तो आत जाऊन बाबांच्या खोलीची लांबी-रुंदी मोजू लागला.

आता त्या खोलीत त्याची यंत्रं होती. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, खिडकीला दुहेरी पडदे. कंपनीनं या आठवड्यासाठी मवाळ जॅझ आणि फंकच्या अल्बमचा संच पाठवला होता. रोज एक साफ करून द्यायचा, आठवडा संपला की छपाई. काम मनाजोगतं होतं. ब्रशनं थोपटलेला ड्रम, जाड गळ्याचा सॅक्सोफोन, कसलीच घाई नसलेला बास. फंकचे अल्बम जरा ठुमकणारे, पण तेही पोटभर जेवून ठुमकणारे. बायको म्हणायची, दातांच्या डॉक्टरकडं आपली पाळी यायच्या आधी लावतात ते हेच. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. घरात एक कानाचा आणि एक डोळ्यांची, बाकीच्या अवयवांचं देवाला ठाऊक, असा त्यांच्यातला जुना विनोद होता.

सोमवारी जेवण झाल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे पंखा बंद केला, फ्रीजचं बटण बंद केलं, फोन मुका केला आणि पहिला अल्बम लावला. दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन श्वास घ्यायला थांबतो, तिथं कुणीतरी खाकरलं. आधी घसा साफ करणारी एक खरखर, मग मागून एक छोटा, अर्धवट खोकला, पाहुणा दारातून पुन्हा आत डोकावतो तसा. तो स्वतःशीच हसला. आज शंकेला जागाच नव्हती, घरात दुसरं कुणी नव्हतं. खोकला फितीतलाच.

त्यानं रेघ ओढली आणि पुसून टाकला.

२

मंगळवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा काहीतरी वाईटच असणार असं धरून त्यानं तो उचलला. पण बातमी चांगली होती. तिथं बाबांची देखभाल करणाऱ्या मावशी सांगत होत्या, की आजोबांचा खोकला कालपासून पार गेला. औषध तेच, हवा तीच, पण काल दुपारनंतर एकदा म्हणून खोकले नाहीत. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना कितीतरी दिवसांनी दुपारची झोप लागली.

त्यानं ती बातमी बायकोला अशा काही थाटात सांगितली, जसं काही खोकला त्यानंच बरा केला होता. बघ, तिथली हवा मानवली त्यांना, असं तो दोन-तीनदा म्हणाला. ती डबा भरत होती. तिनं नुसतं हं केलं.

त्या दिवशीचा अल्बम फंकचा होता. गिटारची चकचक, तुताऱ्यांचे झटके, आणि त्यांच्याखाली बास असा की बसल्याजागी मान हलावी. असल्या गर्दीत डाग सापडायला वेळ लागतो. डाग गाण्यात नव्हताच. दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होता. सगळी वाद्यं थांबली होती, आणि त्या जागेत कुणीतरी खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेलं. सपाता ओढत. उजवा पाय टप्प, डावा पाय सर्रर्र.

बूट नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. स्टुडिओत सपाता कोण घालतं? मग त्यानं स्वतःला समजावलं, घालत असेल कुणीतरी, रात्रभर वाजवत असतील, पाय सुजले असतील. कलाकार माणसं, त्यांचं काय सांगावं. हे कारण त्याला पटलं असं नाही, पण पुरलं.

पुसताना त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. त्याच्या धंद्यात एक शिरस्ता आहे: डाग पुसण्याआधी नुसता काढलेला भाग वेगळा ऐकायचा, चुकून त्याच्याबरोबर एखादा सूर तर जात नाही ना, हे बघायला. उमेदवारीच्या दिवसांत तो हे इमानेइतबारे करी. हात बसल्यावर सोडून दिलं. आपली रेघ चुकत नाही याचा त्याला गर्व होता. त्या दिवशीही त्यानं काढलेलं ऐकलं नाही.

३

बुधवारी चमचा वाजला.

पुन्हा जॅझ होतं, अगदी मऊ, इलेक्ट्रिक पियानोचे सूर दुधावरच्या सायीसारखे. तेवढ्यात कपात चमचा फिरू लागला. फिरला, फिरला, फिरतच राहिला, आणि मग कपाच्या कडेवर टक्‌ टक्‌ करून निथळला. तो खुर्चीत सरळ बसला. त्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं.

हा आवाज तो कधीही ओळखू शकला असता. लहानपणापासून सकाळ म्हटली की हाच आवाज; अंथरुणात पडल्यापडल्या याच टकटकीवरून कळायचं, की बाबांचा चहा झाला, आता आपल्याला उठवायला येतील. पण हा अल्बम त्याच्या जन्माआधीचा होता. ज्या देशात तो वाजवला गेला तो देश बाबांनी नकाशावर बोट ठेवण्यापुरताच पाहिलेला. माणसाचं मन खातं तेव्हा त्याला काहीही ऐकू येतं, असं त्यानं स्वतःला ठणकावून सांगितलं. चमचा म्हणजे चमचा. जगात चहा पिणारे काही कमी नाहीत. कानसेन म्हणवता आणि चमच्याला घाबरता?

तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसला. दिवस कलला होता. बायको कामावरून आली, तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं, पिशवी ठेवल्याचा आवाज आला, आणि चपला काढता काढता ती नेहमीच्या, जराशा लटक्या रागाच्या सुरात म्हणाली,

“बाबा, हाक मारायची ना. मी दिला असता करून.”

मग चपला काढण्याचा आवाज थांबला. खोलीत तेवढा चमचा फिरत होता.

ती दारात आली. एका पायात चप्पल तशीच होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, ध्वनिवर्धकांकडं पाहिलं, आणि चेहरा एकदम उतरला. त्यानं सांगितलं की हे फितीत आहे. ती म्हणाली, असेल. तिचा स्वर असा होता की त्याहून तिनं किंचाळलेलं परवडलं असतं.

“पुसा ते,” ती म्हणाली. “आधी पुसा.”

दोघांनाही एकमेकांसमोर तो आवाज नको झाला होता. भुताखेतांची भीती नव्हती ती; ज्याच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं, तेच जणू मधोमध येऊन चहा ढवळत बसलं होतं. त्यानं घाईनं रेघ ओढली, वेडीवाकडी, आणि पुसून टाकला. ती चप्पल काढायला परत गेली. जेवताना दोघं विजेच्या बिलाबद्दल बोलले.

४

गुरुवारी सकाळी मावशींचा पुन्हा फोन. तक्रार नाही दादा, असं त्यांनी आधीच सांगितलं. पण आजोबा येतात-जातात ते कळतच नाही. काल त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मागं वळल्या तर आजोबा अंगाला खेटून उभे. हातातल्या चादरी खाली पडल्या. दादा, एकदा येऊन जा, एवढंच त्या म्हणाल्या.

तो गेला. मनात पक्कं ठरवून गेला की आज बाबांना म्हणायचं, घरी चला.

बाबा व्हरांड्यात बसले होते. समोर चहाचा कप. पलीकडं एक म्हातारे वर्तमानपत्राची पानं फडफडवत होते, डोक्यावर पंखा कुरकुरत होता, आत कुणीतरी भांडी विसळत होतं. बाबांनी त्याला पाहून मान डोलावली आणि कपात चमचा फिरवला. तो बघत राहिला. चमचा कपाच्या आतल्या अंगाला लागत होता, हे त्याला दिसत होतं. मग बाबांनी तो कडेवर आपटला, दोनदा. चहाचा थेंब उडाला. आवाज झाला नाही.

वर्तमानपत्र फडफडत होतं. पंखा कुरकुरत होता. त्याच्या स्वतःच्या खुर्चीचा पाय घासला तोही स्वच्छ ऐकू आला. तेवढा एक कप सोडून जगातली प्रत्येक वस्तू आपापला आवाज करत होती.

बाबा बोलले मात्र नेहमीसारखे, जरा दबक्या सुरात. काम नीट होतंय ना, असं त्यांनी विचारलं. होतंय, तो म्हणाला. आता चुका होत नाहीत ना? नाही होत. बाबांना बरं वाटलेलं दिसलं. इथं करमतं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले,

“मी प्रयत्न करतोय. जमेल हळूहळू.”

निघताना ते त्याला फाटकापर्यंत सोडायला आले. वाटेवर खडी पसरलेली. त्याच्या बुटाखाली ती करकर वाजत होती, पावलागणिक. त्यानं मुद्दाम मागं वळून पाहिलं. बाबांच्या सपातांखालची खडी सरकत होती, डावा पाय मागं एक लांब ओरखडा ओढत येत होता, आणि तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. तोंडात आलेले शब्द, घरी चला हे दोनच शब्द, तिथल्या तिथं वाळले. पुढच्या खेपेला सांगू, असं मनाशी म्हणत तो बसमध्ये चढला. आणि बस सुटल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे त्यानं नंतर स्वतःलाही कबूल केलं नसतं, पण वाटलं खरं, आणि मग प्रवासभर त्याची मान वर झाली नाही.

५

घरी आल्याबरोबर त्यानं सोमवारच्या अल्बमची मूळ प्रत उघडली. मूळ प्रतीला तो कधी हात लावत नसे. डाग पुसायचे ते नकलेवर. म्हणजे खोकला तिथं असायलाच हवा होता. परत आणता आला असता. कसा, हे त्याला माहीत नव्हतं, पण परत आणता आला असता.

सॅक्सोफोन श्वास घ्यायला थांबला. तिथं खोकला नव्हता. पडद्यावर ती जागा धुतल्यासारखी साफ होती. मंगळवारच्या मूळ प्रतीतली गाण्यांमधली मोकळी जागा मोकळी होती. चमचा तर नव्हताच. त्यानं मॅडमना फोन करून फितींच्या तिजोरीत खात्री करायला सांगितलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं: फिती स्वच्छ आहेत, तुम्ही उगाच शंका काढू नका, या वेळी माल मुळातच चांगला आलाय.

मग त्यानं ठरवलं की आता काहीही ऐकू आलं तरी पुसायचं नाही. एवढं ठरवल्यावर त्याला धीर आला, आणि गुरुवारचा अल्बम त्यानं जवळजवळ उत्साहानं लावला.

तोंड झाकून आवाज दबवलेल्या तुतारीचं संथ गाणं होतं. शेवटचा सूर विरत जातो, विरत जातो, आणि ऐकणाऱ्यानंही श्वास रोखावा अशी जागा येते. तिथं एक माणूस बोललं. अगदी जवळून.

“छोट्या, आवाज होतोय का माझा?”

ज्या स्टुडिओत ही फीत भरली, तिथं ही भाषा कुणाला येण्याचं काही कारण नव्हतं. आणि छोट्या अशी हाक त्याला जगात एकच माणूस मारत असे. केस पिकायला लागले तरी मारत असे. हा प्रश्नही त्याच्या ओळखीचा होता. बाबा इथं राहत तेव्हा दुपारी भिंतीपलीकडून तो यायचा, रोज. तो इकडून म्हणायचा, नाही बाबा. पण म्हणायचा अशा सुरात की हो म्हटलेलं बरं. मग पलीकडं सगळं शांत व्हायचं. इतकं शांत, की म्हातारा माणूस पलंगाच्या कडेवर हातपाय आवरून बसलाय हे भिंतीतूनही दिसावं. ते त्याला तेव्हाही दिसायचं. त्यानं त्याकडं काणाडोळा केला होता.

मग त्यानं अल्बमला बोटही न लावता तो तसाच कंपनीकडं पाठवून दिला.

६

शुक्रवारी मॅडमचा फोन आला, आणि त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी कुणीतरी बोलतंय, त्या म्हणाल्या. ऐकू आलं नाही का तुम्हाला? म्हणजे तो आवाज त्यांनाही आला होता. त्यानं घाबरत विचारलं, काय म्हणतंय? काय म्हणतंय ते कळण्याइतकं स्पष्ट नाही आणि कळून मला करायचंय काय, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बराच सौम्य झाला.

“मागच्या वर्षीसारखं नका हो करू. परत सगळ्यांसमोर बोलवायला मलाही बरं वाटत नाही.”

रागावल्या असत्या तर तो कदाचित अडून बसला असता. त्या सौम्यपणानं त्याचे कान तापले. ती खोली, ते गोल करून बसलेले चेहरे, पुन्हा पुन्हा वाजणारा तो खोकला, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि त्याबरोबर शहाणपणही आलं, अशा वेळी येतं तसं. आपण शिकलेली माणसं. म्हाताऱ्याचा खोकला बरा होतो, चालणं हलकं होतं. एका दुपारी व्हरांड्यात आपले कान बधिर झाले असतील. एकच शब्द काढून बघू. मग बाबांना फोन करू. बाबा व्यवस्थित बोलतील, आणि हा वेडेपणा इथंच संपेल.

कुठला शब्द काढायचा याचा त्यानं फार विचार केला नाही. ‘छोट्या’ हा पहिला शब्द सुरांपासून सुटा होता. त्याला धक्का लागला तरी गाण्याचं काही जाणार नव्हतं. धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपा तोच. त्यानं रेघ ओढली. आणि या वेळी, का कोण जाणे, शिरस्त्याप्रमाणे आधी नुसतं काढलेलं ऐकायचं ठरवलं.

“छोट्या.”

तुतारी नाही, पियानो नाही, फितीची फुसफुससुद्धा नाही. हाक एकटीच होती, आणि ती समोरच्या ध्वनिवर्धकांतून आली नाही. ती मागून, पलंग असायचा त्या कोपऱ्यातून आली. तो मागं वळला नाही. वळायला हवं होतं, असं त्याला नंतर फार वाटलं. पण त्या वेळी त्याचं बोट बटणावर होतं आणि घाबरलेल्या माणसाचं बोट असतं तसं ते खाली गेलं.

हाक पुसली गेली.

त्यानं वृद्धाश्रमात फोन लावला. मावशींनी बाबांना आणून फोन हातात दिला. पलीकडं श्वास ऐकू आला.

“हं, बोल,” बाबा म्हणाले. मग एका शब्दाएवढी रिकामी जागा गेली. “जेवलास का?”

जेवलो, तो म्हणाला. मधली ती जागा त्याच्या कानात अडकून बसली होती. फोनच्या तारेत बिघाड असेल. असतो. ओठांवरून जीभ फिरवून तो म्हणाला,

“बाबा, मला हाक मारा ना.”

पलीकडं काही नव्हतं.

“बाबा, नावानं हाक मारा एकदा.”

“मारली की,” बाबा म्हणाले.

७

शनिवारी सकाळी त्यानं मॅडमना कळवलं की उरलेलं तो पुसणार नाही. कारण विचारलं तेव्हा त्याला सांगता येईना. खरं सांगितलं असतं तर त्यांनी वेडा म्हटलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, वडिलांना घराबाहेर का काढलं हेही सांगावं लागलं असतं. तो नुसता, जमणार नाही, जमणार नाही, म्हणत राहिला. नोकरी गेली तरी चालेल असंही म्हणाला. मॅडम दमल्यासारख्या झाल्या. ठीक आहे, त्या म्हणाल्या, मूळ फीत आमच्याकडं आहेच. नवीन माणूस बसलाय, दुपारी करून टाकेल. एका वाक्याचं तर काम.

त्यांनी फोन ठेवला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, वृद्धाश्रम जवळ होता. कंपनीत जाऊन हात जोडावेत की बाबांकडं जावं, याचा विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही. हात जोडून तो काय सांगणार होता?

बाबांना चला म्हणाला तेव्हा त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. पिशवी भरलेलीच होती. बसमध्ये तो त्यांना काहीबाही विचारत राहिला, तुमची शाळा कुठं होती, तुमचे मास्तर मारायचे का, आजी कशी होती. नुसता आवाज ऐकण्यासाठी, लहान मूल गोष्ट मागतं तसा हट्टानं. पण बाबा आजूबाजूच्या लोकांकडं बघत, संकोचून, हातानंच खुणावत राहिले, की घरी बोलू. इतक्या वर्षांत त्यांना बोला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

घरी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती, कंपनीतला तो नवीन माणूस कामाला बसायची वेळ. बायको दुकानात होती. बाबा आपल्या जुन्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले, भिंतींवरचे गालिचे, यंत्रं, जिथं पलंग होता तिथली रिकामी जागा, सगळं त्यांनी पाहून घेतलं. आत गेले नाहीत. तुझं काम असेल आत, असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडच्या स्टुलावर बसले. स्टूल मोडकं होतं, कुणीही बसलं की करकरायचं. करकरलं नाही.

तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्यांचे हात हातात घेतले. म्हाताऱ्या हातांची कातडी त्याच्या तळव्यावर घासली, कागदासारखी कोरडी, आणि तेही नुसतं जाणवलं. त्याला माफी मागायची होती. त्यासाठी शब्द जुळवत असताना बाबाच त्याच्याकडं वाकले. परीक्षेचा निकाल विचारावा तशी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धाकधूक होती, थोडी आशाही.

“आता होतोय का आवाज माझा?”

“नाही, बाबा.”

हे उत्तर त्यानं आयुष्यात शेकडो वेळा दिलं होतं, आणि ते खरं मात्र पहिल्यांदाच होतं. बाबांचा चेहरा उजळला. मनापासून आनंद झाला होता त्यांना. इतके दिवस घटवलेली गोष्ट एकदाची जमली, असा तो आनंद होता. तो पाहून त्याला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

“मग राहू ना मी इथं?” बाबा म्हणाले.

राहा, राहा, बाबा, तो म्हणत राहिला. बाबांचे ओठ हलले. ती त्याची हाक असणार, हाकेची जागा तर आता रिकामीच राहणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ती संपायची वाट पाहिली. पण बाबांचे ओठ हलायचे थांबले नाहीत. त्यांच्या हातांवरची बोटं घट्ट आवळून तो त्या ओठांकडं बघत राहिला, आणि बाबा हसऱ्या चेहऱ्यानं, मन मोकळं करत, त्याला कितीतरी वेळ काहीतरी सांगत होते.